पावसाने घडवलेले लॉन

लॉनचा इतिहास सांगणारे बहुधा १८३० सालापासून सुरुवात करतात. त्या वर्षी इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यात, स्ट्राउडजवळ, एडविन बडिंग या यंत्रकाराने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. स्ट्राउडच्या गिरण्यांत लोकरी कापडावर उभी राहिलेली लव फिरत्या पात्यांनी भादरत. तशीच पाती बडिंगने गवतावर फिरवली. त्याआधी लांब दांड्याच्या विळ्याने, तेही सकाळी दव असताना, गवत कापावे लागे, कारण कोरडे पाते विळ्यापुढे नुसते वाकते. यंत्राने ही अडचण दूर केली, हे खरेच. पण म्हणून लॉन यंत्राचे अपत्य ठरत नाही. बडिंग जन्मण्यापूर्वीच उद्यानरचनाकार लॅन्सलॉट ब्राउनने इंग्लिश जमीनदारांच्या वाड्यांभोवती विस्तीर्ण हिरवळी मांडल्या होत्या आणि वाड्यापासून दूरच्या भागात मेंढ्या चरून त्या आखूड राखत. यंत्राने लॉन मध्यमवर्गाच्या अंगणात आणले. त्याला जन्म दिला तो तिथल्या हवेने.

अटलांटिकवरून येणारे ओले वारे आणि उबदार सागरी प्रवाह यांमुळे ब्रिटन-आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर हिवाळा सौम्य असतो. तिथली गवते साधारण ५-६ अंश सेल्सिअसला वाढू लागतात. त्यामुळे कॉर्नवॉलसारख्या भागात ती जवळजवळ बारमाही वाढतात. गवताचा कोंब जमिनीलगत असल्याने वरून कितीही छाटले तरी ते पुन्हा फुटते, आणि उंच वाढणाऱ्या वनस्पती मात्र सततच्या कापणीने मागे पडतात. यावर कोणी म्हणेल की लॉन ही श्रीमंतीची मिरवणूक होती, हवामानाचा संबंध किती? मिरवण्याची हौस व्हर्सायच्या राजालाही होती. हौशीने लोकांना लॉन का हवे होते ते कळते. पण त्याची निगा वर्षाच्या ठरावीक काळात, ठरावीक पद्धतीनेच का करावी लागते, ते हौस सांगत नाही. सोलवे खाडीकाठची, भरतीच्या पाण्याखाली जाणारी बारीक गवताची ढेकळे बोलिंगच्या मैदानांसाठी इंग्लंडभर नेली जात. खारे पाणी सुटले की त्यात दुसरी गवते शिरत. यंत्र तेच असूनही जागा बदलली की हिरवळ बदलते, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

या निगेचे मूळ पाण्याच्या टंचाईत नसून अतिरेकात आहे. सततचा पाऊस मातीतला चुना धुऊन नेतो आणि माती आम्ल होते. थंडीत गवत मंदावते, तेव्हा ओल्या, सावलीच्या, घट्ट जमिनीत शेवाळ पसरते. त्याला खरी मुळे नसतात, पाणी ते पानांनीच शोषते. माणसाने यात आपली भर घातली. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या कृषी संशोधन केंद्रात लॉज आणि गिल्बर्ट या संशोधकांनी १८५६ मध्ये कुरणावर सुरू केलेल्या प्रयोगात अमोनियम सल्फेट मिळालेले वाफे अतिशय आम्ल झाले, त्यांतले क्लोव्हर नाहीसे झाले, गांडुळेही गेली आणि मेलेल्या गवताचा थर कुजल्यावाचून साचत राहिला. डार्विनने १८८१ च्या पुस्तकात गांडुळे माती कशी उलटतात ते दाखवले होते, तरी विष्ठेच्या ढिगांनी लॉन विद्रूप होते म्हणून माळी त्यांना हटवतच राहिले. मग शरद ऋतूत दाताळ्याने मेलेले गवत ओरबाडून काढणे आणि काट्याने जमिनीत भोके पाडणे ही कामे माणसाच्या गळ्यात पडली. ती बऱ्याच अंशी गांडुळांचीच कामे आहेत.

लोहाचे सल्फेट टाकल्यास शेवाळ काळे पडते, पण ओल आणि घट्टपणा तसाच राहिला तर ते परतते, असा आक्षेप खरा आहे. म्हणूनच शेवाळ मारण्यापेक्षा निचरा सुधारणे हेच मुख्य काम मानावे. इंग्रजांबरोबर लॉन मुंबईत आले तेव्हा तिथे उष्णता सोसणारी हरळी लावावी लागली, आणि पावसाळ्यानंतरचे आठ महिने पाण्याच्या नळीवर काढावे लागतात. इंग्लंडचे वेळापत्रक तिथे कामाचे नाही. ज्यांचे घर खरोखरच सौम्य, पावसाळी किनाऱ्यावर आहे, व्हँकुव्हर असो वा आयर्लंड, त्यांनी मातीची आम्लता तपासूनच चुना द्यावा, गांडुळांना राहू द्यावे, आणि उन्हाळ्यात गवत पिवळे पडले तरी पाणी घालू नये. निरोगी गवत तेव्हा सुप्त असते. पाऊस आला की ते पुन्हा हिरवे होते.