हाडांची साक्ष

मध्ययुगीन इंग्लंडच्या आहाराचा इतिहास दीर्घकाळ लिखित साधनांवरच बेतलेला होता. मठांचे जमाखर्च, मेजवान्यांची वर्णने आणि उपवासाचे धर्मनियम ही ती साधने. परंतु लिहिणारा वर्ग मूठभर होता. सामान्यांच्या ताटात काय पडत होते, याची त्याने क्वचितच दखल घेतली. उत्खननातील माती बारीक चाळण्यांतून धुतली जाऊ लागली, तेव्हा उकिरड्यांतील माशांची हाडे हाती आली आणि या मौनाला वाचा फुटली.

इ. स. ६०० ते १६०० या काळातील अशा हाडांचा एकत्रित विचार जेम्स बॅरेट, ॲलिसन लॉकर आणि कॅलम रॉबर्ट्स यांनी २००४ साली मांडला. आरंभीच्या शतकांत नदीतील माशांचे, विशेषतः ईलचे, प्राबल्य दिसते. इ. स. १०००च्या सुमारास मात्र हेरिंग आणि कॉड हे सागरी मासे अवघ्या काही दशकांत विपुल होतात. एल्फ्रिक या धर्मोपदेशकाने त्याच सुमारास लॅटिनच्या अध्यापनासाठी एक संवाद रचला. त्यातील मच्छीमार समुद्रावर आपण क्वचितच जातो, असे सांगतो. हाडे त्याच्या म्हणण्याला दुजोरा देतात. तथापि त्याच्या डोळ्यांदेखत सुरू होत असलेले स्थित्यंतर त्या संवादात नाही, ते हाडांतच आहे.

ख्रिस्ती उपवासात मांस वर्ज्य आणि मासे ग्राह्य, हे या स्थित्यंतराचे कारण सहसा पुढे केले जाते. पण इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म रुजला तो सातव्या शतकात. केवळ धर्माज्ञेने हे कोडे उलगडत नाही. वाढती नगरे आणि पाणचक्क्यांच्या बांधांनी अडलेल्या नद्या यांचाही विचार करावा लागतो.

पुढे लंडनमध्ये, तेराव्या शतकाच्या आरंभी, कॉडच्या डोक्याची हाडे घटतात आणि मणके वाढतात. याचा अर्थ उघड आहे: डोके काढून सुकवलेला मासा दूरच्या समुद्रांवरून येऊ लागला होता. शहराची भूक आता परक्या किनाऱ्यांवर विसंबून होती.

हाडांनाही मर्यादा आहेत. नाजूक हाडे मातीत विरून जातात; मासा कोणी, कोणत्या भावनेने खाल्ला, हे उरलेली हाडे सांगत नाहीत. त्यासाठी संहितेकडेच वळावे लागते. मात्र ज्यांना लेखणी लाभली नाही, त्यांच्या जेवणाचा पुरावा त्यांनी टाकून दिलेल्या उष्ट्यातच शिल्लक राहिला आहे. साहित्याच्या अभ्यासकाने संहितेतील मौन वाचताना या साक्षीचे स्मरण ठेवणे अगत्याचे आहे.