लिस्बनमध्ये काय पाहावे?

युरोपातील राजधान्या पाहावयास जाणाऱ्या आपल्याकडील प्रवाशांच्या वाटा बहुधा ठरलेल्या असतात. लंडन, पॅरिस आणि रोम झाले की यात्रा सुफळ संपूर्ण झाली असे मानण्याची रीत आहे. लिस्बनला जाणारे त्या मानाने थोडे. जे जातात तेही दोनतीन दिवसांत बेलेंचा मनोरा, जेरोनिमुश मठ आणि आल्फामा भागातील चिंचोळ्या गल्ल्या पाहून, शहर मोठे देखणे आहे, असा अभिप्राय देऊन परततात. हा अभिप्राय खोटा नाही. तेजो नदीच्या विशाल मुखाशी, टेकड्यांच्या उतरणीवर वसलेल्या या नगरीचे रूप डोळ्यांत भरण्यासारखेच आहे. परंतु गोमंतकावर जिने साडेचारशे वर्षे सत्ता गाजविली, जिच्या राजाज्ञांच्या आधारे तिसवाडी, बार्देश आणि साष्टीतील देवळे जमीनदोस्त झाली, त्या नगरीकडे आपण केवळ हौशी प्रेक्षकाच्या नजरेने पाहावे काय, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

लिस्बनमध्ये तीन प्रकारच्या गोष्टी आहेत. काही लोकांना दाखविण्यासाठी मुद्दाम उभारलेल्या आहेत, काही काळाच्या उदरात गेल्या आहेत आणि काही शोधल्यावाचून दृष्टीस पडत नाहीत. मार्गदर्शक पुस्तिका पहिल्या प्रकाराविषयी भरभरून बोलतात. आपला इतिहास मात्र पुष्कळसा उरलेल्या दोहोंत आहे.

आरंभ बेलेंपासूनच करावा. शहराच्या मध्यभागातून पंधरा क्रमांकाची ट्राम नदीकाठाने पश्चिमेकडे तेथवर नेते. ८ जुलै १४९७ रोजी वास्को द गामाची जहाजे याच किनाऱ्यावरून निघाली आणि पुढील वर्षीच्या मे महिन्यात कालिकतच्या किनाऱ्याला लागली. त्या यशाच्या कृतज्ञतेपोटी राजा मानुएल याने येथे जेरोनिमुश मठ बांधावयास घेतला. इ. स. १५०१ च्या सुमारास सुरू झालेले हे काम सुमारे शंभर वर्षे चालले. आफ्रिका व पूर्वेकडील देश यांच्याशी होणाऱ्या व्यापाराच्या उत्पन्नाचा विसावा हिस्सा या बांधकामासाठी लावून दिला होता. पांढऱ्या चुनखडी दगडात कोरलेले दोरखंड, नाविकांची गोलयंत्रे, पानेफुले आणि सागरी जीव पाहताना नजर ठरत नाही. अशा वेळी या दगडाला घडविणाऱ्या हातांबरोबरच त्याची किंमत भरणाऱ्या हातांचेही स्मरण ठेवावे. पूर्वेकडील बंदरांत माल विकणारे, जकात देणारे आणि तोफांच्या धाकाने परवाने विकत घेणारे लोक या मठाचे अनाम देणगीदारच होते.

मठाच्या देवळात वास्को द गामाची समाधी आहे. गामा १५२४ साली नाताळाच्या पूर्वसंध्येस कोची येथे वारला आणि तेथेच पुरला गेला. पुढे १५३९ मध्ये त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या आणि १८८० साली त्या या मठात आणल्या. समोरच कवी कामोंइशची समाधी आहे. याने आपल्या आयुष्यातील काही वर्षे गोव्यात घालविली होती. आत गाभाऱ्याजवळ राजा मानुएलची शवपेटी आहे, ती संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवलेली आहे. ज्या राजाने हिंदुस्थानच्या भूमीवर कधी पाऊल ठेवले नाही, त्याचा भार मृत्यूनंतर शतकानुशतके पूर्वेचे हत्ती वाहत आहेत!

मठापासून थोड्या अंतरावर बेलेंचा मनोरा आहे. इ. स. १५१४ पासून पाचसहा वर्षांत तो बांधला गेला. त्याच्या एका बुरुजाखाली गेंड्याचे झिजलेले मस्तक कोरलेले आहे. पुष्कळ प्रवासी त्याकडे न पाहताच निघून जातात, पण त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशाह याच्याकडून अफोन्सो द आल्बुकेर्क यास एक गेंडा भेट मिळाला. आल्बुकेर्कने तो १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून जहाजावर चढविला आणि २० मे रोजी तो लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपने असा प्राणी पाहिलाच नव्हता. राजाने त्याची आणि एका हत्तीची झुंज लावली, तेव्हा हत्तीनेच पळ काढला. पुढे राजाने तो गेंडा पोपकडे नजराणा म्हणून धाडला, परंतु वाटेत इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून तो मेला. जर्मन चित्रकार ड्यूरर याने त्याला प्रत्यक्ष न पाहता, केवळ वर्णन व रेखाटन यांच्या आधारे जो ठसा कोरला तो जगप्रसिद्ध झाला. गुजरातचा हा मुका प्रवासी आपल्या इच्छेविरुद्ध नेला गेला आणि दूरदेशी नष्ट झाला. त्या काळच्या व्यापाराचे याहून बोलके चित्र आम्हांस दुसरे दिसत नाही.

नदीकाठीच शोधसफरींचे एक प्रचंड स्मारक आहे. १९४० च्या प्रदर्शनासाठी ते तात्पुरत्या स्वरूपात उभारले होते. राजपुत्र हेन्रीच्या मृत्यूस पाचशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने १९६० मध्ये ते काँक्रीट व दगड यांत पुन्हा बांधण्यात आले. जहाजाच्या नाळेवर हेन्री आणि त्याच्या पाठीमागे दोन रांगांत दर्यावर्दी, धर्मोपदेशक, कवी व नकाशाकार अशा बत्तीस मूर्ती आहेत. त्यांत आल्बुकेर्क आहे आणि ज्याचे शव जुन्या गोव्यात जतन केलेले आहे तो संत फ्रान्सिस झेवियरही आहे. सालाझारच्या राजवटीने साम्राज्याच्या चिरंतनतेची ही द्वाही दगडात फिरविली, आणि जेमतेम दीड वर्षाच्या आत, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्त झाला. शिळेवर लिहिले म्हणून इतिहास थांबत नाही.

बेलेंची सकाळ अशी घालविल्यावर प्रवाशाने शहराच्या मध्यभागी, नदीसमोरच्या भव्य चौकात यावे. त्याचे अधिकृत नाव व्यापारचौक असे आहे, पण लिस्बनचे लोक अद्याप त्याला राजवाड्याचे पटांगण म्हणतात. राजवाडा मात्र तेथे नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, लोक प्रार्थनामंदिरांत जमलेले असताना सकाळी साडेनऊनंतर भूकंपाचे हादरे बसले. त्यापाठोपाठ नदीचे पाणी लाटांनी शहरात घुसले आणि मग कित्येक दिवस आग धुमसत राहिली. सहस्रावधी माणसे मेली. चिमाजी आप्पांनी वसई घेतली त्यास तेव्हा सोळा वर्षे झाली होती. उत्तर कोकणातील वैभव आधीच गमावलेल्या सत्तेची राजधानीही आता ढिगाऱ्याखाली गेली. राजवाड्याबरोबर ‘कासा द इंदिया’ म्हणजे हिंदुस्थानच्या व्यापाराची कचेरीही नष्ट झाली. मिरी, दालचिनी, कापड यांचा हिशेब जेथे होत असे, जेथून जहाजांचे तांडे धाडले जात, त्या कचेरीचे दप्तर जळून गेले. आपल्या किनाऱ्याच्या आर्थिक इतिहासातील कितीतरी पाने त्या एका आठवड्यात राख झाली. भूकंपापूर्वीचे लिस्बन कसे होते ते राष्ट्रीय फरशी-संग्रहालयातील सुमारे तेवीस मीटर लांबीच्या निळ्या-पांढऱ्या चित्रपटात दिसते. कार्मो मठाच्या छप्पर गेलेल्या कमानी आजही त्या दिवसाची साक्ष देत उभ्या आहेत.

शहर पुन्हा उभे राहिले ते पुढे मार्केश द पोंबाल या नावाने प्रसिद्धी पावलेल्या मंत्र्याच्या करड्या शिस्तीत. सरळ रस्ते, एकसारखी घरे आणि भिंतींच्या आत हादरे सोसणारा लाकडी सांगाडा अशी नवी रचना करण्यात आली. सोनारांचा रस्ता, चांदीचा रस्ता, चांभारांचा रस्ता अशी धंद्यांवरून पडलेली नावे आपल्याकडील जुन्या पेठांची आठवण करून देतात. चौकात १७७५ चा राजा जुझेचा अश्वारूढ पुतळा आहे. त्याच्या चौथऱ्याच्या एका अंगास येथेही हत्ती आहेच! तेथून उत्तरेस रोसियो चौक लागतो. त्याच्या टोकाला आज जे राष्ट्रीय नाट्यगृह आहे त्या जागी पूर्वी इन्क्विझिशनचा वाडा होता. गोव्यात १५६० साली स्थापन झालेले आणि मधला थोडा काळ वगळता १८१२ पर्यंत चाललेले ते भयंकर न्यायासन याच संस्थेची शाखा होय.

आता जे शोधल्यावाचून दिसत नाही त्याकडे वळू. भूकंपात किल्ल्याचा जो बुरूज कोसळला त्यात राज्याचे दप्तरखाना होता, त्यास ‘तोर्रे दो तोम्बो’ म्हणत. दप्तरप्रमुख मानुएल द माइया हा तेव्हा ऐंशीच्या घरात होता. त्याने ढिगाऱ्यातून कागद वाचविले. तेच दप्तर १९९० पासून विद्यापीठ परिसरातील नव्या इमारतीत आहे. दरवर्षी मोसमी वाऱ्यांबरोबर जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांतून राजा आणि व्हाइसरॉय यांचा जो पत्रव्यवहार चाले त्याच्या बासष्ट बांधण्या येथे आहेत. या मालिकेचा उरलेला भाग पणजीच्या पुराभिलेखागारात आहे. तेथील कागदपत्रांतूनच पांडुरंग पिसुर्लेकरांनी मराठे-पोर्तुगीज संबंधांचा इतिहास साधार उभा केला. पोर्तुगालच्या उत्तरेस ब्रागा शहराच्या ग्रंथालयात तर रोमी लिपीत लिहून घेतलेल्या कोकणी व मराठी रामायण-महाभारत कथांची हस्तलिखिते आहेत. ज्यांनी आपले ग्रंथ नाहीसे केले त्यांच्याच संग्रहात आपल्या दोन्ही भाषांचा हा ठेवा टिकून राहावा, हा इतिहासाचा विलक्षण न्याय म्हटला पाहिजे.

मुख्य धर्ममंदिराजवळून अठ्ठावीस क्रमांकाची ट्राम टेकडी चढते, तेथेच आल्जुब नावाची इमारत आहे. सालाझारच्या गुप्त पोलिसांचा हा तुरुंग होता. २०१५ पासून तेथे प्रतिकार व स्वातंत्र्य यांचे संग्रहालय आहे. पोर्तुगीज लोकही त्याच राजवटीखाली भरडले जात होते, हे येथे उमगते. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना १९४६ नंतर पेनिशच्या सागरी किल्ल्यात ठेवले होते. सांगलीहून शिक्षक म्हणून गोव्यात गेलेले मोहन रानडे १९५५ मध्ये पकडले गेले. गोवा मुक्त झाला तरी ते लिस्बनजवळच्या काशियश तुरुंगातच होते, त्यांची सुटका १९६९ च्या जानेवारीत झाली. २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीने ती राजवट उलथली, काशियशची दारे उघडली, आणि ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. लोकशाही पोर्तुगाल आणि मुक्त गोवा हे एकाच जुलमाच्या अंतातून जन्मले आहेत. म्हणूनच लिस्बनला जाताना मनात सूडभावना नेण्याचे कारण नाही.

एक दिवस हाती असल्यास सिन्त्रा पाहावे. दीवच्या वेढ्यात विजयी झालेल्या जुआंव द काश्त्रो याच्या तेथील बागेत सोमनाथ-पाटणचा एक संस्कृत शिलालेख नेऊन बसविण्यात आला. वाघेला राजा सारंगदेवाच्या काळातील, इ. स. १२८७ ची ती प्रशस्ती आहे. जी शिळा तेथे केवळ शोभेची वस्तू म्हणून गेली, ती पुढे वाचली गेली तेव्हाच बोलू लागली.

आमचे म्हणणे याहून वेगळे नाही. बेलेंचे सौंदर्य डोळे भरून पाहावे, तेथील दालचिनी भुरभुरलेली गोड पेस्ट्रीही आवर्जून खावी, पण एक दुपार आल्जुबला आणि एक दुपार दप्तरखान्याला द्यावी. त्या दप्तरातील पुष्कळसे कागद आता छायाप्रतींच्या रूपाने घरबसल्याही पाहता येतात. उणीव आहे ती वाचणाऱ्यांची. जुनी पोर्तुगीज लिपी सहज वाचणारी गोमंतकातील पिढी दिवसेंदिवस विरळ होत चालली आहे. आपल्या तरुणांपैकी मोजक्यांनी जरी ती भाषा अभ्यासासाठी आत्मसात केली नाही, तर आपल्या पूर्वजांविषयीचे कागद आपल्यासाठी मुके होतील आणि त्यांचा अर्थ दुसरे कोणी सांगतील तो ऐकून घ्यावा लागेल. लिस्बन पाहून येणाऱ्याने आपल्या सामानात चित्रे आणावीतच, त्यांच्यासोबत पोर्तुगीज भाषेचा एक चांगला कोशही आणावा.