ओखा, गायकवाडी आणि वाऱ्याची वीज

आपल्या बडोद्याच्या जुन्या घरांतून ओख्याचं नाव निघतंच. ओखामंडळ बडोदे संस्थानात होतं. सयाजीराव महाराजांच्या काळात तिथं बंदर बांधलं आणि 1926 साली ते सुरू झालं. माझे वडील त्याच बंदरावर कारकून होते.

1986 साली माझी बदली द्वारकेच्या शाखेत झाली. त्याच वर्षी ओख्याच्या किनाऱ्यावर सरकारी पवनचक्क्या उभ्या राहिल्या. डेन्मार्कच्या वेस्टास कंपनीच्या, एकेक फक्त 55 किलोवॅटची. कोकण किनाऱ्यावर आणि तमिळनाडूत तुतिकोरीनलाही त्याच सुमारास तशाच बसल्या. देशातल्या वाऱ्याच्या विजेची ही सुरुवात. गुजरातेत हे काम ज्या ऊर्जा विकास संस्थेकडे होतं, ती 1979 साली निघालेली आणि कचेरी आपल्या बडोद्यातच.

माझा भाचा तेव्हा नुकताच इलेक्ट्रिकल इंजिनिअर झालेला. सुट्टीत आला आणि रोज ओख्याला जाऊन चक्क्या बघत बसायचा. म्हणाला, "मामा, मला ह्यातच काम करायचंय."

मी कागद घेतला. यंत्राची किंमत, व्याज, घसारा, खाऱ्या हवेनं गंजणाऱ्या लोखंडाची देखभाल, सगळं मांडलं. पावसाळ्यात वारा भरपूर, पुढं तो पडतो. बेरीज काही जुळेना. "अरे, वाऱ्यावर पोट भरत नाही," म्हटलं. पोरानं ऐकलं. कारखान्यात लागला, तिथूनच निवृत्त झाला.

आज गुजरातची पवनऊर्जा 12 हजार मेगावॅटच्या वर आहे. हल्लीची एक चक्की तेव्हाच्या चाळीसांच्या बरोबरीची असते.

माझं गणित चुकलं नव्हतं. पण त्या चक्क्या नफ्यासाठी नव्हत्याच. आपल्या किनाऱ्यावर वारा कधी, किती मिळतो, यंत्र खाऱ्या हवेत टिकतं का, वीज तारांत नीट जाते का, हे शिकायचं होतं. खासगी पैसा अशा वेळी आधी उतरत नाही, म्हणून सरकारनं उतरायचं. महाराजांनी बंदर बांधलं तेव्हाही ओसाड किनाऱ्यावर पहिला पैसा संस्थानानंच घातला होता. त्याच पैशातून आमच्या घरात पगार आला. हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

गेल्या दिवाळीत भाच्याला हे बोलून दाखवलं. तो हसला, "जाऊ द्या मामा," म्हणाला. मला मात्र ते जाऊ देता आलेलं नाही. तुमच्याकडं ओख्याच्या आठवणी असतील तर जरूर लिहा.