व्हॉल्व्हची टंचाई



आपल्या जालन्यातील पोलादाच्या भट्ट्या भंगारावर चालतात, हे आपणांस ठाऊकच आहे. त्या भंगारात कधी जुन्या बिनतारी यंत्राची पेटीही येते. पत्रा भट्टीत जातो, तांब्याची तार वेगळी विकली जाते आणि आतली काच फुटते. पण त्याच काचेसाठी कोणीतरी गावोगाव चौकशी करीत हिंडत असतो. आज मला त्या काचेचा, म्हणजे व्हॉल्व्हचा, इतिहास आपणांपुढे मांडावयाचा आहे.

हा शोध घेणारे लोक म्हणजे परवाना काढून बिनतारी संदेश पाठविणारे हौशी. त्यांना 'हॅम' म्हणतात. संदेश दूर जावा म्हणून ते यंत्राला अँप्लिफायर जोडतात. जुन्या अँप्लिफायरचे सारे बळ एक-दोन मोठ्या व्हॉल्व्हमध्ये असते. काचेच्या नळीतील हवा काढून टाकलेली असते. आतील फिलामेंट तापले की इलेक्ट्रॉन निघून प्लेटकडे धावतात. वापराने हे सामर्थ्य ओसरते, किंवा काचेत हवा शिरते. मग नवा व्हॉल्व्ह बसविल्यावाचून गत्यंतर नसते.

ही टंचाई तीन वेळा आली, आणि तिन्ही वेळा तिचे कारण निराळे होते.

पहिली टंचाई हुकुमाची. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशींना आपली प्रक्षेपण यंत्रे पोलिसांच्या स्वाधीन करावयास लावली. तरीही १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ उभा केला. यंत्र बांधण्यास नरिमन प्रिंटर हा हौशी तंत्रज्ञ होता. ४२.३४ मीटरवर हा आवाज १२ नोव्हेंबरपर्यंत चालला. पुढे उषाबहेनना चार वर्षांची शिक्षा झाली. त्या काळी असे यंत्र जवळ बाळगणे म्हणजे तुरुंगाची वाट धरणे होते.

युद्ध संपले तेव्हा वारे उलटे फिरले. सैन्याचे जादा सामान विक्रीस निघाले आणि ८०७ नावाचा व्हॉल्व्ह जगभरच्या हौशींच्या हाती स्वस्तात पडला. तो अमेरिकेच्या आर.सी.ए. कंपनीने १९३६ साली काढलेला. त्याचाच भाऊ १६२५. आतली रचना तीच. पण फिलामेंट ६.३ ऐवजी १२.६ व्होल्टचे आणि पाच पिनांऐवजी सात. सॉकेट बदलले आणि फिलामेंटला योग्य दाब दिला की एकाचे काम दुसरा करी.

दुसरी टंचाई परकीय चलनाची. १९५७-५८ च्या सुमारास चलनाची गंगाजळी आटली आणि आयातीवर कडक निर्बंध आले. जो देश वस्तू घडवीत नाही, त्याला ती मागून घ्यावी लागते. यावर उपाय कारखान्याचाच होता. बंगळूरला १९५४ साली स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह तयार होऊ लागले. ती नाजूक जुळणी करण्यास सवयीचा हात आणि शांत नजर लागे.

तिसरी टंचाई विस्मरणाची, आणि ती आजची आहे. ट्रान्झिस्टर आला आणि घरगुती रेडिओतला व्हॉल्व्ह गेला. आज चीन, रशिया व स्लोव्हाकिया येथे काही कारखाने चालतात; पण त्यांचा माल मुख्यतः गिटारच्या आणि संगीताच्या अँप्लिफायरसाठी असतो. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यात रोखली, तेव्हा तोही पुरवठा काही काळ अडला. मोठ्या प्रक्षेपण व्हॉल्व्हसाठी हौशी माणसाला बहुधा जुन्या साठ्यावरच विसंबावे लागते.

कोणी म्हणेल, हा थोड्या लोकांचा छंद. त्याची चिंता आपण का वाहावी? त्यांनी ३० सप्टेंबर १९९३ आठवावा. आपल्याच मराठवाड्यात किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा निरोप पोहोचविण्याच्या कामी हे हौशी उपयोगी पडले. छंदातून राखलेले कौशल्य संकटात समाजाचे होते.

हुकूम आणि परकीय चलन आपल्या हाती नव्हते. विस्मरण मात्र आपल्या हाती आहे. जुनी पेटी फोडण्यापूर्वी आत पाहावे. अनेक व्हॉल्व्हच्या काचेला आतून चांदीसारखा डाग असतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे, व्हॉल्व्ह निकामी समजावा. चकाकी शाबूत असेल तर मीटरने फिलामेंट तपासावे. क्रमांक पुसट असल्यास काचेवर हळूच फुंकर घालावी; पुष्कळदा वाफेत अक्षरे उमटतात. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या मोठ्या व्हॉल्व्हला आधी काही तास नुसते फिलामेंट तापवू द्यावे, मगच उच्च दाब द्यावा. त्या दाबाने प्राण जाऊ शकतो, म्हणून हे काम जाणकारानेच करावे.

आणि व्हॉल्व्हपेक्षाही दुर्मिळ आहे तो हा जाणकार. मी आयुष्यभर कामगारांत वावरलो. कारखाना बंद पडला की यंत्रांचा लिलाव होतो. पण कारागिराच्या हातातील ज्ञानाची नोंद कोणत्याही पंचनाम्यात होत नाही. आपल्या गावात रेडिओ दुरुस्त करणारे वृद्ध कारागीर असतील, तर त्यांच्याकडे एखाद्या होतकरू मुलाला आताच पाठवा. काच एकदा फुटली तरी दुसरी कोठेतरी सापडेल. ते हात गेले तर कोठे शोधणार?