पब्लिका लिव्रारिया ते पाटो

पणजीच्या कदंब बसस्थानकापासून चालत गेलं की थोड्याच वेळात पाटोवरची कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची इमारत लागते. आत मुलांसाठी वेगळा विभाग आहे, दृष्टिहीनांसाठी ब्रेल विभाग आहे, कोकणी-मराठीची कपाटं आहेत आणि वर गोव्याच्या इतिहासाचं, दुर्मीळ पुस्तकांचं दालन आहे. पण माझं लक्ष दरवेळी दारावरच्या नावाकडे जातं. कृष्णदास शामा हा साष्टीतल्या केळोशीचा कवी. 25 एप्रिल 1526 रोजी त्यानं ‘श्रीकृष्णचरित्रकथा’ लिहायला घेतली. भाषा मराठी, छंद ओवी. या ग्रंथाचं जे हस्तलिखित आपल्यापर्यंत पोचलं, ते आज पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे, आणि तेही रोमन लिपीत उतरवलेलं. ज्या कवीचं नाव आपण ग्रंथालयाला दिलं, त्याचं बाड सातासमुद्रापार. या ग्रंथालयाची पुढची वाट कोणती, हे मला या एका गोष्टीवरून कळतं.

स्थापना 15 सप्टेंबर 1832 ची. त्याच वर्षीच्या जानेवारीत मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं होतं. गोव्यात तेव्हा दों मानुएल द पोर्तुगाल इ कास्त्रू हा व्हाइसरॉय होता. पणजीची दलदल बुजवून शहर उभं करणारा माणूस म्हणून त्याची आठवण काढतात. त्यानं ‘पब्लिका लिव्रारिया’ सुरू केली, ती लष्करी अकादमीकडच्या पुस्तकांच्या बळावर. दोन-तीन वर्षांत पोर्तुगालनं धार्मिक संघ बरखास्त केले. गोव्यातल्या मठांमध्ये शतकानुशतकं साठलेले ग्रंथ निराधार झाले आणि त्यांतले पुष्कळ इथे येऊन पडले. ग्रंथालयाचा पाया असा दुसऱ्यांच्या मोडलेल्या घरांतून आलेल्या पुस्तकांवर उभा आहे. धर्मशास्त्राची लॅटिन पुस्तकं, पोर्तुगीज प्रवासवर्णनं, व्याकरणं. ती वाचणारे संन्यासी गेले, त्यांच्या जागी सरकारी कारकून, वकील, डॉक्टर आले. वाचक बदलण्याची या संस्थेची ही पहिलीच वेळ, शेवटची नव्हे.

इथे थोडं मागं जायला हवं, कारण गोव्यात छापील पुस्तकाचा इतिहास वाचनालयाहून पावणेतीनशे वर्षांनी मोठा आहे. भारतातला पहिला छापखाना 1556 मध्ये जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात उतरला. गार्सिया द ओर्ताचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक 1563 मध्ये गोव्यातच छापलं गेलं. फादर थॉमस स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूरला निघालं. मराठी ओव्यांचा हा ग्रंथ, पण छापला रोमन अक्षरांत. देवनागरी खिळे पाडून मिळावेत म्हणून स्टीफन्सनं 1608 मध्ये रोमला पत्र लिहून परवानगी मागितली होती. ते काही झालं नाही. पुढे त्याच शतकात वारं फिरलं. 1684 च्या फर्मानानं स्थानिक भाषेच्या वापरावरच घाव घातला. छापखानाही मुका झाला. गोव्यात पुन्हा छपाई सुरू झाली ती थेट 1821 मध्ये, सरकारी ‘गॅझेटा द गोवा’च्या निमित्तानं. म्हणजे 1832 चं ग्रंथालय उघडलं, तेव्हा गोव्याच्या छपाईला पुन्हा तोंड फुटून जेमतेम अकरा वर्षं झाली होती.

मधला काळ मी झरझर सांगतो. नावं बदलत गेली: ‘बिब्लियोतेका पुब्लिका’, मग 1897 मध्ये ‘राष्ट्रीय ग्रंथालया’चा दर्जा. 1925 मध्ये ते ‘इन्स्तितुतो व्हास्को द गामा’शी जोडलं गेलं, ज्याला आपण आज मिनेझिस ब्रागांझा संस्था म्हणतो. त्या इमारतीच्या प्रवेशदालनात भिंतभर निळ्या-पांढऱ्या आझुलेजू टाइल्स आहेत, जॉर्ज कोलासूनं रंगवलेल्या, पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातल्या प्रसंगांच्या. पिढ्यान्‌पिढ्यांचे गोमंतकीय वाचक त्या टाइल्सवरून नजर फिरवत पुस्तक बदलायला गेले आहेत. गोवा पोर्तुगीज राजवटीतून मुक्त झाल्यावर हे ग्रंथालय मध्यवर्ती ग्रंथालय झालं, 1993 मध्ये गोव्याला स्वतःचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा मिळाला आणि पाटोच्या नव्या जागेत आल्यावर पुस्तकांना मोकळा श्वास घेता आला.

यातला खरा कडेलोट 19 डिसेंबर 1961 चा आहे. राजकीय अर्थानं ती मुक्ती होती, आणि ती हवीच होती. पण ग्रंथालयाच्या फडताळांकडे पाहिलं तर त्या दिवशी एक निराळीच गोष्ट सुरू झाली. पोर्तुगीज शाळा बंद झाल्या आणि एका पिढीनंतर त्या पुस्तकांना वाचक उरेना. ज्या घरांत आजोबा ‘ओ हेराल्दो’ वाचत, त्या घरांत नातू इंग्रजी किंवा मराठी वाचू लागला. गोव्यातलं हे पहिलं पोर्तुगीज दैनिक 22 जानेवारी 1900 ला सुरू झालं होतं, आणि 1983 मध्ये ते स्वतःच इंग्रजी झालं. केप्याहून गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांनी 1912 मध्ये ‘भारत’ सुरू केलं, ते मराठीत आणि पोर्तुगीजमध्ये. एकाच अंकात दोन भाषा. तो अंक पूर्ण वाचू शकेल असा माणूस आज किती घरांत सापडेल?

आता स्कॅनर आला आहे. जुनी वृत्तपत्रं आणि दुर्मीळ पुस्तकं डिजिटल रूपात जतन करण्याचं काम ग्रंथालयानं हाती घेतलं, याचा मला मनापासून आनंद आहे. गोव्यात पावसाळा म्हणजे कागदाची परीक्षा. हवेतली ओल, कसर, वाळवी, शिवाय जुन्या लोहमिश्रित शाईचं आम्ल, जे अक्षराच्या जागी कागदाला भोकं पाडतं. लाकडाच्या लगद्याच्या वृत्तपत्री कागदाचे तर हात लागताच तुकडे होतात. अशा अंकाची प्रतिमा एकदा नीट निघाली की मूळ अंक पेटीत विसावू शकतो आणि वाचकाला पडद्यावर पानं उलटता येतात. हे काम घाईनं होत नाही. जाड बांधणीचा ग्रंथ सपाट यंत्रावर दाबला तर त्याचा कणा मोडतो, म्हणून त्याला व्ही आकाराच्या पाळण्यात अर्धवट उघडा ठेवून वरून टिपावं लागतं. फाइलला नाव काय द्यायचं, कोणत्या प्रती कोणत्या जागी ठेवायच्या, पाच-सात वर्षांनी हार्ड डिस्क बदलायची कुणी, या गोष्टी कुणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. संस्था मात्र त्यांच्यावरच टिकते.

पण प्रतिमा म्हणजे वाचन नव्हे. पोर्तुगीज मजकूर ओसीआरला, म्हणजे प्रतिमेतली अक्षरं ओळखणाऱ्या यंत्रणेला, बऱ्यापैकी उलगडतो. जुन्या मराठी खिळ्यांची जोडाक्षरं त्याला अडखळवतात. आणि रोमन लिपीतली जुनी मराठी समोर आली की यंत्र हात टेकतं. स्टीफन्सनं मूर्धन्य उच्चार दाखवायला अक्षर दोनदा लिहिण्याची पद्धत वापरली: ‘ट’साठी जोड ‘टी’, ‘ळ’साठी जोड ‘एल’. यंत्र अक्षरं ओळखेल, पण शोधखिडकीत आपण ‘माळ’ असं टंकलं तर त्या पानापर्यंत ते पोचणार कसं? कुणीतरी ते पान वाचून, शब्द देवनागरीत उतरवून, मूळ अक्षराशी बांधून ठेवलेला असेल तरच. ते काम सूचीकाराचं आहे, लिप्यंतर करणाऱ्याचं आहे, दोन भाषा नि दोन लिप्या जाणणाऱ्या माणसाचं आहे. अशी माणसं बाजारातून विकत मिळत नाहीत. ती ग्रंथालयानं घडवावी लागतात.

त्यांची गरज फक्त संशोधकांना आहे असंही नाही. 1867 च्या पोर्तुगीज नागरी कायद्याची छाया गोव्याच्या कौटुंबिक व्यवहारांवर आजही आहे. घरवाटणीचा, लग्नाच्या कराराचा वाद आला की वकिलाला जुनं सरकारी ‘बोलेतीं’ धुंडाळावं लागतं. 1837 पासूनची ही राजपत्रं आहेत. ज्याच्या जमिनीचा प्रश्न त्यांत अडकला आहे, त्या माणसाला इतिहासाची आवड असेल-नसेल, पण त्याला वाचणारा हवा असतो. सार्वजनिक ग्रंथालयात ‘सार्वजनिक’ हा शब्द मला या माणसासाठी महत्त्वाचा वाटतो. घरबसल्या संकेतस्थळ उघडूनही जो पान वाचू शकत नाही, त्याला हात धरून नेणारी जागा.

म्हणून ‘आता सगळं मोबाइलवर आहे, ग्रंथालय कशाला’ हा प्रश्न मला इथे लागूच होत नाही. कृष्णदास शामाची कथाच पाहा. ते हस्तलिखित सुरक्षित होतं. ब्रागाच्या थंड हवेत ते छान टिकलं, पण वाचणारा नव्हता म्हणून ते जणू नव्हतंच. गोमंतकीय अभ्यासक तिथपर्यंत पोचले, त्यांनी रोमन अक्षरांतून मराठी ओवी ऐकली, तेव्हा कुठे आपल्याला हा कवी मिळाला. उद्या पाटोवरच्या सर्व्हरमध्ये लाखो पानं सुरक्षित असतील आणि त्यांना हात घालणारा कुणी नसेल, तर आपण आपलं ब्रागा आपल्याच गावात तयार केलेलं असेल.

माझी मागणी छोटी आहे. दुर्मीळ पुस्तकांच्या दालनात आठवड्यातून दोन संध्याकाळी एक टेबल मांडावं. ज्यांना अजून पोर्तुगीज येतं अशी गोव्यातली वयस्क मंडळी तिथे यावीत. त्यांचं वय पाहता हे या दहा वर्षांतच करता येईल, नंतर नाही. त्यांच्यासमोर महाविद्यालयातली मुलं बसावीत, एका बाजूला ‘भारत’च्या अंकाची प्रतिमा आणि दुसऱ्या बाजूला कोरी वही. मुलांनी मजकूर मोठ्यानं वाचावा, अडलं तिथे आजोबांनी सांगावं, आणि त्या वहीतला मजकूर दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाच्या सूचीत चढावा. वाचणाऱ्याचं नाव, वर्ष आणि अंक क्रमांकासह. 1526 ला आता पाचशे वर्षं होत आहेत. त्या टेबलावरची पहिली वही कृष्णदास शामाच्या नावानं उघडली जावी, आणि पहिला अंक निवडायला मी स्वतः रांगेत उभा राहीन.