ब्रिटिश ग्रां प्री
ग्रेट ब्रिटनमधील प्रमुख राष्ट्रीय मोटार शर्यत. १९५५ ते १९८६ या काळात ती परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या दोन शर्यतमार्गांवर बहुतांशी आळीपाळीने भरविण्यात येई. या व्यवस्थेचे मूळ ब्रिटनमधील विशिष्ट परिस्थितीत आढळते. तेथील मुख्य भूमीवर सार्वजनिक रस्ते शर्यतीसाठी बंद करण्यास कायद्याने मुभा नव्हती. त्यामुळे शर्यत खाजगी वा शासकीय मालकीच्या बंदिस्त जागेतच होऊ शके आणि जागेच्या मालकास किंवा चालकसंस्थेस साहजिकच महत्त्व प्राप्त होई.

पहिल्या दोन शर्यती १९२६ व १९२७ मध्ये सरे परगण्यातील ब्रुकलंड्‌झ येथे झाल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर तो मार्ग शर्यतींसाठी पुन्हा खुला झाला नाही. तेव्हा रॉयल ऑटोमोबाइल क्लबने सिल्व्हरस्टोन येथील युद्धकालीन विमानतळाची निवड केली. तेथे १९४८ मध्ये लुईजी व्हिल्लोरेसी विजयी झाला. जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतील पहिली शर्यतही येथेच, १३ मे १९५० रोजी झाली. १९५२ पासून हा मार्ग ब्रिटिश रेसिंग ड्रायव्हर्स क्लबकडे आला.

लिव्हरपूलजवळील एन्ट्री हे घोड्यांच्या ‘ग्रँड नॅशनल’ शर्यतीचे प्रसिद्ध स्थान. त्याच्या मालकीणबाई मिरबेल टॉपम यांच्या पुढाकाराने तेथे सु. ४·८ किमी. लांबीचा मोटारमार्ग १९५४ मध्ये सुरू झाला. घोड्यांच्या शर्यतीसाठी बांधलेली प्रेक्षागृहे आयतीच उपलब्ध होती. १९५५, १९५७, १९५९, १९६१ व १९६२ या वर्षी ग्रां प्री येथे झाली. १९५५ मध्ये स्टर्लिंग मॉस ही शर्यत जिंकणारा पहिला ब्रिटिश चालक ठरला. १९५७ मध्ये त्याने व टोनी ब्रुक्सने मिळून चालविलेल्या व्हॅनवॉल गाडीने जागतिक मालिकेतील ब्रिटिश गाडीचा पहिला विजय मिळविला.

१९६४ पासून एन्ट्रीची जागा केंट परगण्यातील ब्रँड्झ हॅचने घेतली. त्यानंतर १९८६ पर्यंत सम वर्षी ब्रँड्झ हॅच व विषम वर्षी सिल्व्हरस्टोन हा क्रम अखंड चालला. दोन्ही मार्गांची प्रकृती भिन्न होती. सिल्व्हरस्टोन सपाट व अतिवेगवान. १९८५ च्या पात्रता फेरीत केके रोझबर्गने तेथे ताशी सु. २५९ किमी. सरासरी वेग गाठला. ब्रँड्झ हॅच सु. ४·२ किमी. लांबीचे, चढउतारांचे व अरुंद. नैसर्गिक खोलगटपणामुळे प्रेक्षकांस मार्गाचा बराच भाग एका जागेवरून दिसे. त्यामुळे एकाच शर्यतीत वर्षाआड वेगवेगळ्या कौशल्यांचा कस लागे.

या वाटणीने राष्ट्रीय शर्यत कोणा एका मालकाची मक्तेदारी झाली नाही. परंतु तीपासून होणारे उत्पन्न प्रत्येक मार्गास एक वर्षाआडच मिळे. उलट वाढत्या वेगाबरोबर सुरक्षा-कठडे, गाडी घसरल्यास लागणारी मोकळी जागा, वैद्यकीय सोयी यांवरील खर्च मात्र सतत वाढत गेला. आंतरराष्ट्रीय नियंत्रक संस्थेने प्रत्येक देशाची शर्यत दीर्घ मुदतीच्या कराराने एकाच ठिकाणी स्थिरावण्याचे धोरण स्वीकारले, तेव्हा सिल्व्हरस्टोनची निवड झाली. १९८६ च्या ब्रँड्झ हॅच येथील अखेरच्या शर्यतीत नायजेल मॅन्सेल विजयी झाला. तिच्या आरंभीच झालेल्या अपघातात झाक लाफितचे पाय मोडले.

१९८७ पासून शर्यत सिल्व्हरस्टोन येथेच होत असली, तरी स्पर्धा संपली नाही. १९९९ मध्ये शर्यतीचे हक्क ब्रँड्झ हॅचच्या चालक कंपनीने मिळविले. पण तेथे ती प्रत्यक्षात नेता आली नाही. २००८ मध्ये डॉनिंग्टन पार्कशी झालेला करारही निधीअभावी फसला आणि २००९ च्या अखेरीस सिल्व्हरस्टोनशी १७ वर्षांचा करार करण्यात आला. वाटणीच्या काळात दोन मार्ग एकाच वेळी जगले. एकाधिकाराच्या काळात मात्र एकाचा लाभ हा दुसऱ्याचा संपूर्ण तोटा ठरला, हा या इतिहासाचा मुख्य निष्कर्ष होय.