संकासुराची कुळी

दशावतार हा कोकणचा खेळ. पण त्याचं मूळ शोधायला बसलं की साक्षीदार सापडतो तो जालना जिल्ह्यातला. घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी 1608 साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या सहाव्या दशकात दशावतारी खेळ्यांना एक चिमटा काढला आहे. खेळात सुंदर नारी येतात, डोळे मोडतात, पण असतात सगळे धटिंगण, असं ते म्हणतात. याच दशकात कलियुगाची 4760 वर्षं झाल्याची नोंद आहे, म्हणजे साल येतं 1659 च्या आसपास. कोकणात मात्र सांगतात की आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळे यांनी 1728 मध्ये कर्नाटकातून हा खेळ आणला. समर्थांची ओवी पाहता काळ्यांनी खेळ आणला असेल, रुजवला असेल. पण दशावतारी म्हणून कोणी तरी त्याच्या सत्तर वर्षं आधीच नाचत होतं. त्यांच्यात संकासुर होता का, हे समर्थ सांगत नाहीत. त्यांचं लक्ष नारींच्या सोंगाकडे!

संकासुर हा पुराणातला शंखासुर. पद्मपुराणात तो वेद पळवतो आणि विष्णू मत्स्यरूपाने त्याला मारतो. भागवतात हेच चौर्य हयग्रीवाच्या नावावर आहे. दशावताराच्या पूर्वरंगात, म्हणजे आडदशावतारात, गणपती, रिद्धीसिद्धी, भटजी, मोरावरची सरस्वती येऊन गेली की याची पाळी. नाव दहा अवतारांचं, पण पूर्वरंगात कथा घडते ती एवढीच. अंगात काळे कपडे, तोंडावर काळा बुरखा, त्यावर लोंबणारी लाल जीभ. ब्रह्मदेवाचे वेद चोरायचे आणि शेवटी विष्णूच्या हातून मरायचं, एवढंच त्याचं काम. पुढच्या गावच्या जत्रेत तो पुन्हा हजर.

देव मंडळी ठरलेल्या सुरात, ग्रांथिक भाषेत बोलतात. संकासुर मालवणीत बोलतो. गावातल्या मानकऱ्याची, देवळातल्या भटजीची, पुढे बसलेल्या कोणाचीही तो टर उडवू शकतो. राक्षसच तो, त्याच्यावर कोण रागावणार? दशावतारात लिखित संहिता नसतेच, पण या मोकळेपणाचा सर्वांत पुरेपूर वापर खलनायकाने केला. देवाचा पराक्रम दिसावा म्हणून उभा केलेला हा असुर हळूहळू प्रेक्षकांचा माणूस झाला, असं मला वाटतं. उत्तर रत्नागिरीत तर पुढची पायरी दिसते. गुहागर–चिपळूणकडे शिमग्यात उंच निमुळत्या टोपीचा, कमरेला घुंगरं बांधलेला संकासुर खेळ्यांबरोबर दारोदार फिरतो. पोरं त्याला घाबरून पळतात आणि मोठी माणसं त्याच्याच पाया पडतात.

मराठी नाटकातल्या राक्षसाचं मात्र असं झालं नाही. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, त्याआधी कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ तिथे झाले होते. भाव्यांच्या परंपरेतला राक्षस आरोळ्या ठोकत, मशालींवर राळ उडत असताना प्रवेश करायचा. ‘अललडुर्र’ नाटक म्हणून त्या नाटकांची पुढे थट्टा झाली. त्या राक्षसाला आवाज भरपूर होता, संकासुराची जीभ मात्र मिळाली नाही.

संकासुरासारख्या परत परत येणाऱ्या खलनायकाचा नट बदलला की काय करायचं, ही अडचण विलायतेत पडली. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेत 1971 मध्ये मास्टर हा खलनायक आला, रॉजर डेलगाडोच्या रूपात. 1973 मध्ये तुर्कस्तानात मोटार अपघातात डेलगाडो गेला. भूमिका मारायची नव्हती, म्हणून पात्र 1976 मध्ये कुजलेल्या देहानिशी परतलं, पुढे दुसऱ्याचा देह बळकावून आलं, आणि 2014 मध्ये तर स्त्री होऊन. बहुतेक वेळा नव्या नटासाठी कथेत कारण शोधावं लागलं. संकासुराच्या तोंडावर बुरखाच असल्यामुळे आत या वर्षी पार्सेकर दशावतारी मंडळीचा नट आहे की मोचेमाडकर मंडळीचा, याने कथेला काही फरक पडत नाही.

त्याला खरा धोका घड्याळाचा आहे. जत्रेत देवळापुढे खेळ रात्रभर चालतो, पहाटे दहीकाल्याची हंडी फुटते, त्यामुळे आडदशावताराला सवड असते. स्पर्धेत किंवा मुंबईच्या नाट्यगृहात दोन-अडीच तासांत पूर्वरंगानंतरचं मुख्य आख्यान संपवायचं असतं. मग पडदा उघडतो तो बहुधा थेट आख्यानावर, आणि विष्णूने मारण्याआधीच संकासुर गळतो.